सोयीची यादी

"हे सगळं तर तुम्हाला येतंच की!"

व्हिडिओ कॉलवर माझी विषयांची यादी पाहून कोर्सच्या मॅडम एवढंच म्हणाल्या आणि मी गप्प.

नोकरी सांभाळून कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस्सी. सत्राला एक-दोनच विषय, निवड आपली. मी हौसेनं क्लाउड, वेब, डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं आणि चालवणं एकत्र सांभाळायची पद्धत) भरलं होतं. म्हणजे ऑफिसात रोज करतो तेच. थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे संगणकाला काय सोडवता येतं याचं गणित, दिसताच पान भर्रकन खाली सरकवलेलं. (पदवीला त्यात काठावर सुटलो होतो, असो.)

"टूल्स बदलत राहतील. पण कॉड या संशोधकानं माहिती तक्त्यांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० मध्ये, आणि डेटाबेसला प्रश्न विचारणारी तुमची क्वेरी आजही त्यावरच चालते ना?"

सकाळीच एक क्वेरी चाळीस सेकंद खात होती. इंडेक्स (माहिती पटकन सापडावी म्हणूनची सूची) टाकला, पळाली. का पळाली? इंडेक्सच्या आतली रचना 'बी-ट्री', एवढं पुटपुटता येतं, पुढे गाडी अडते.

बढतीसाठी डिग्रीचा कागद हवाय, ते कशाला लपवू? पण लवचिक अभ्यासक्रम म्हणजे सोयीचा, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

अल्गोरिदम्स आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक संगणक मिळून चालवायच्या यंत्रणा) घेतलेत. थिअरीपाशी कर्सर अजून घुटमळतोय. तुम्ही केली असती टिक?