कोणता मुलतानी?

नागपुरात कॅसेट आणि सीडी जपून ठेवणाऱ्या माणसाने मे महिन्याच्या उन्हापेक्षा त्या उन्हावरचा उपाय म्हणून खिडकीत बसवलेल्या कूलरला अधिक भ्यावे. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी गार पण दमट हवा दिवसरात्र घरभर फिरते, आणि कपाट नेमके तिच्या वाटेत असेल तर पावसाळ्याची वाटही न पाहता फितीवर बुरशी धरू लागते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिले असता गुंडाळीवर पांढरट भुकटीचे ठिपके दिसतात. अशी कॅसेट तशीच वाजवली तर ती भुकटी प्लेअरमधल्या, फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटचा आवाजही दबतो. वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताचे कपाट मी बैठकीतून आतल्या खोलीच्या कोरड्या भिंतीला नेले, ते याच कारणाने.

सुटीत येणारा माझा भाचा या उठाठेवीकडे पाहून दर वेळी विचारतो, "मामा, हे सगळं कायले सांभाळून ठेवता? मोबाईलवर तर सगळंच भेटते." त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. चित्रपटांची आणि संगीताची मासिक वर्गणी मीही भरतो. एकदा पाहून विसरायचा चित्रपट डीव्हीडीवर विकत घेण्यात मला अजिबात अर्थ वाटत नाही. पूर्वी सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात जे आले असेल तेच ऐकायला मिळत असे, आणि दुकानदाराला आग्रा घराण्याची आवड नसेल तर आपलाही त्या घराण्याशी परिचय होत नसे. आज एका महिन्याच्या वर्गणीत जेवढे गायक ऐकायला मिळतात, तेवढे वडिलांना उभ्या आयुष्यात विकत घेता आले नसते. अडचण संख्येची नाही. नेमके जे हवे आहे तेच उद्याही मिळेल का, याची आहे.

एका दिवंगत गायकाचा मुलतानी रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मी ॲपवर नेहमी ऐकत असे. एके दिवशी माझ्या यादीत त्याचे नाव राखाडी झाले आणि बोट दाबूनही काही वाजेना. शोधल्यावर त्याच गायकाचा दुसरा मुलतानी समोर आला. तो मुळात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीसाठी गायलेला, जेमतेम तीन मिनिटांचा. ॲपच्या हिशेबाने माझी गरज भागली होती, कारण गायक तोच आणि राग तोच. परंतु ख्याल ऐकणाऱ्याला हे पटणे शक्य नाही. पहिल्या ध्वनिमुद्रणात गायक मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादापाशी एवढा रेंगाळतो की षड्ज आल्यावर ऐकणाराही श्वास सोडतो, आणि तीव्र मध्यमाला लागून येणारा कोमल गंधार त्याने किती वेगवेगळ्या तऱ्हांनी लावला आहे हे कळायला तीच वीस-बावीस मिनिटे लागतात. तीन मिनिटांच्या तबकडीचे सौंदर्य वेगळे आहे आणि ते मला प्रियही आहे, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. चित्रपटगीताचे एक अधिकृत ध्वनिमुद्रण असते. मैफलीच्या संगीतात प्रत्येक ध्वनिमुद्रण ही स्वतंत्र कृती असते, आणि गाणे, अल्बम व कलाकार एवढेच रकाने असलेल्या यंत्रणेत हा भेद बसत नाही. तबल्यावर कोण होते, सारंगी होती की हार्मोनियम, मैफल कुठली आणि कोणत्या वर्षीची, हे कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना छापलेले असे. ॲपवर साथीदाराचे नाव सापडले तर ते नशीब समजावे.

अशा गोष्टी अचानक नाहीशा होण्यामागे कोणाचा दुष्टपणा नसतो, व्यवहार असतो. सेवा चालवणारी कंपनी हक्कधारकाकडून ठरावीक मुदतीसाठी परवाना घेते, आणि मुदत संपली की नूतनीकरण परवडते का, हे ती पाहते. एचबीओ या अमेरिकी वाहिनीचे कार्यक्रम ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवर दिसेनासे झाले, पुढे ते जिओसिनेमावर आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्ही सेवा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले. प्रेक्षकाने मात्र या काळात आपला कार्यक्रम कोणत्या दारात आहे ते शोधत फिरायचे. संगीतात तर सेवाच बंद पडतात. रेसो ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाले आणि त्याच वर्षी विंकही गुंडाळले गेले. 'डाऊनलोड' केलेली गाणी आपल्या फोनमध्ये असली तरी ती त्या ॲपच्या कुलपातच असतात, त्यामुळे ॲप गेले की ती वाजत नाहीत. पैसे भरून घेतलेल्या प्रतीचीही शाश्वती नाही, हे जुलै २००९ मध्येच दिसले होते. ॲमेझॉनने तेव्हा जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर काढून घेतली होती, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण घरात शिरून पुस्तक उचलून नेण्याची सोय छापील पुस्तकाच्या दुकानदाराला कधीच नव्हती.

तरीही मालकीची वस्तू अमर असते, असे मी म्हणणार नाही. कॅसेटमध्ये फितीच्या मागे धातूच्या चिमुकल्या पट्टीवर नमद्याचा एक तुकडा चिकटवलेला असतो, जो फितीला हेडशी दाबून धरतो. जुना गोंद सुटला की तो तुकडा गळून पडतो आणि आवाज एकदम लांबून आल्यासारखा होतो. कॅसेट स्क्रूची असेल तर ती उघडून दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची पट्टी बसवता येते. चिकटवून बंद केलेली असेल तर ब्लेडने सांध्यावर फोडावी लागते आणि फीत नव्या सांगाड्यात घालावी लागते. सीडीची चमकती बाजू आपण जिवापाड जपतो, परंतु तिचा माहितीचा थर असतो छापील बाजूच्या लाखेखाली, म्हणून त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती त्या बाबतीत सुरक्षित असते. शिवाय वाजवणारे यंत्र हवे. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडीसाठी खाच उरलेली नाही, आणि घरच्या कॅसेट डेकचा रबरी पट्टा चिकट होऊन तुटला तेव्हा त्या मापाचा दुसरा शोधताना माझी पुरेवाट झाली.

म्हणून मी आता खरेदी फार थोडी करतो, पण जे पुन्हा पुन्हा ऐकणार ते विकतच घेतो आणि लगेच त्याची संगणकीय प्रत करून ठेवतो. सीडीच्या दर्जाच्या एक तासाच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक या ध्वनिफाईलच्या प्रकारात आवाजातले काहीही न गमावता ती साधारण निम्मी होते. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये वडिलांचे सगळे कपाट मावून जागा उरते. अशा दोन डिस्क मी ठेवतो आणि त्यांपैकी एक बहिणीच्या घरी असते.

प्रती करण्याचा क्रम मात्र कपाटातील क्रमाप्रमाणे लावता येत नाही. ज्या सीडी अजून बाजारात मिळतात त्या शेवटी आल्या तरी चालतील. पहिला मान वडिलांनी रेडिओवरून घरीच उतरवून घेतलेल्या कॅसेटचा आहे. आकाशवाणीने १९५२ मध्ये सुरू केलेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ते शनिवारी रात्री टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, मुद्रित करून घेत. त्यांतल्या काहींत निवेदिकेचा आवाज अर्ध्या वाक्यावर सुरू होतो, एकीत वीज गेल्यामुळे द्रुत बंदिश मध्येच तुटते, आणि कॅसेटवर पेन्सिलीने फक्त राग व तारीख लिहिलेली आहे. ही ध्वनिमुद्रणे कोणत्याही वर्गणीत मला आजवर सापडलेली नाहीत. फाईलला नाव देताना मी गायक, राग, ताल, कळत असतील ते साथीदार, आणि तारीख एवढे सगळे लिहितो. नाव ओळभर लांब होते आणि भाचा त्यावर हसतो, पण गेल्या सुटीत साथीला सारंगी असलेले ख्याल कोणते, हे त्याला त्याच नावांवरून शोधता आले.