शिव्या गेल्या कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘गेमिंगचे कार्यक्रम पूर्वीसारखे बोचरे का राहिले नाहीत? लोक हळवे झाले का?’ माझ्या मते हळवे नाही, सरावलेत. शिवी खुपत नाही, तिचा कंटाळा येतो.

जेम्स रॉल्फचा ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’ हा जुन्या गेमवर वैतागणारा विनोदी कार्यक्रम 2006 मध्ये यूट्यूबवर आला. तोंडात शिव्यांची लाखोली, पण ‘कॅसलव्हेनिया 2’ या गेमवरचा त्याचा राग नेमका आहे: दिवस मावळला की खेळ थांबतो आणि तोच मजकूर पुन्हा रेंगाळत उमटतो. ज्यानं हे सोसलंय, तो हसणारच. नकलाकारांनी मात्र शिव्या तेवढ्या उचलल्या, निरीक्षण सोडलं.

पैशाचाही भाग आहे. मार्च 2023 च्या यूट्यूबच्या नियमानुसार पहिल्या 7 सेकंदांत जहाल शिवी आली की जाहिराती मर्यादित व्हायच्या. जुलै 2025 मध्ये ही अट सैल झाली, तरी शिव्यांचा जुना पूर काही परतला नाही. म्हणजे दोष नुसता नियमांचा नव्हता.

खरा बदल वेगळाच. पूर्वी ‘मुली काय खेळणार’ छापाचा विनोद करणारा धरूनच चालायचा की समोर सगळी पोरंच बसलीत. आता जिची टिंगल होते तीच चॅटमध्ये असते आणि तिथल्या तिथे उत्तर देते. शिवाय तासाभराच्या थेट प्रक्षेपणातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा एकटाच फिरतो. उपरोधाची पूर्वपीठिका मागे राहते, उरतं ते सरळ अपमानासारखं दिसतं. म्हणून उपरोध त्याच वाक्यात कळला पाहिजे.

लिहिणाऱ्यांसाठी एक कसोटी: संहितेतल्या सगळ्या शिव्या खोडून मोठ्यानं वाचा. जिथे मग हसूच येत नाही, तिथे विनोद नव्हताच. मग एखादीच परत ठेवा, शक्यतो वाक्याच्या शेवटी. गेममधली फसलेली उडी आधी तीन-चार सेकंद दाखवा, मग बोला. बरेच जण उलट करतात, आणि प्रेक्षकाला कशावर हसायचं ते कळेपर्यंत विनोद शिळा होतो.

बीप लावायचा तर अख्ख्या शब्दावर नको, वाक्याची लय मोडते. पहिलं व्यंजन ऐकू येऊ द्या, मधला स्वर झाका. 1000 हर्ट्झचा नेहमीचा सूर चालतो, फक्त बोलण्याच्या आवाजापेक्षा हळू ठेवा. हेडफोन लावलेल्यांच्या कानठळ्या बसवून कुणी हसत नाही.