तिसरी टोपली: काठावर अकरा कामट्या गेल्या

सहावा आठवडा. तळ जमला, आतल्या भिंती चढल्या, आणि काठावर वळवताना अकरा कामट्या तडकल्या.

नवीन आलेल्यांसाठी: मी अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या दुहेरी विणीच्या मागे लागलोय. टोपलीत टोपली, पण विणायची एकसलग. आतल्या तळापासून सुरुवात, तिरपं विणत वर, काठाशी त्याच पट्ट्या बाहेर वळवून पुन्हा खाली, शेवट बाहेरच्या तळाला. कड वेगळी बांधायची गरजच नाही. नॉर्थ कॅरोलायनात ही वीण जवळजवळ विसरली गेली होती. १९४० च्या दशकात लॉटी स्टँपर या चेरोकी विणकर बाईंनी ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या टोपलीच्या फोटोवरून ती उलगडली आणि शाळेत शिकवली. फोटोवरून! इथे मला व्हिडिओ थांबवून थांबवूनही काठ वळवता येत नाहीये.

तडकलेला तुकडा घेऊन बुरूड आळीत गेलो. काकांनी बोटांत फिरवला, म्हणाले, "हे कामटं नाही, फळकुट आहे. पोट काढलंच नाहीस तू." बरोबरच. चेरोकी कारागीर नदीकाठची रिव्हरकेन वापरतात, ती अमेरिकेतलीच बांबूची जात. कांब चिरून चार फाका करतात, आतला गर सोलतात आणि उरलेली साल सुरीने तासून पातळ करतात. विणायला बसायच्या आधीच निम्मं काम उरकलेलं असतं. मी ते तासाभरात उरकत होतो.

रंगाचं थोडं बरं चाललंय. त्यांचा तपकिरी काळ्या अक्रोडाच्या मुळाचा, नारिंगी ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा. मी काष्ठौषधीच्या दुकानातून अक्रोडाची साल आणून चार तास उकळली. पोटाकडून छान कॉफीचा रंग धरला, चकचकीत पाठीवर मात्र दुधाळ चहा.

"विकणार का?" असं दोघांनी विचारलं. नाही. 'चेरोकी बास्केट' म्हणून तर अजिबात नाही. तिकडे १९९० च्या कायद्यानुसार मूळनिवासी नसलेल्याने आपला माल त्यांचा म्हणून विकणं गुन्हा आहे. खरी हवी तर नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी नावाच्या गावात १९४६ पासून क्वाला ही कारागिरांची सहकारी संस्था आहे, तिथे सभासदांचं काम मिळतं. किंमत बघून दचकाल. मग एक कांब सोलून बघा.

माझी ही बहिणीकडे जाईल, कांदे ठेवायला. चौथीसाठी काकांनी ओला बांबू राखून ठेवलाय. या वेळी काठाजवळचा वीतभर भाग आणखी तासणार आणि वळवण्याआधी रात्रभर भिजत घालणार.