दुपारचा ओझोन

गेल्या मे महिन्यात एका सकाळी मोबाइलवर पुण्याच्या हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसला, म्हणून दमा असलेल्या आईला मी दुपारी तीनच्या सुमारास बँकेत घेऊन गेलो आणि परतताना तिला चांगलीच धाप लागली. त्याला ओझोन हा हवेतला प्रदूषक वायूच कारण होता असा दावा मी करणार नाही, उन्हाचाही वाटा असेलच. पण तेव्हापासून मी निर्देशांकाचा एकच आकडा पाहणे सोडले आणि ओझोनचा तासागणिक आलेख पाहू लागलो.

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल, रंग, थिनर यांतून उडणारी सेंद्रिय संयुगे यांच्यावर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रसायन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी उलगडले. म्हणूनच सकाळी खाली असलेली रेषा दुपारी चढते आणि सूर्यास्तानंतर उतरते. गंमत अशी की, वाहनांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गिळतो, त्यामुळे गजबजलेल्या चौकातले हवा मोजणारे केंद्र अनेकदा कमी ओझोन दाखवते आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरात तो जास्त भरतो. केंद्र कुठे उभारले यावरच निष्कर्ष बराचसा ठरतो.

मोजणीचे तत्त्व सोपे आहे. 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण हवेच्या नमुन्यातून सोडतात, मग ओझोन काढून टाकलेल्या त्याच हवेतून सोडतात आणि दोन्ही वेळच्या शोषणातील फरकावरून प्रमाण काढतात.

आपल्याकडील 2009 च्या मानकांनुसार ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी 100 आणि एका तासासाठी 180 मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर आहे. वर्षातील 98 टक्के वेळ ती पाळली जावी. उरलेल्या दोन टक्क्यांत ती ओलांडली तरी चालते, मात्र मोजणीच्या सलग दोन दिवशी नाही. निर्देशांक मात्र सर्वांत वाईट ठरलेल्या एकाच प्रदूषकाचा आकडा दाखवतो आणि तो बहुधा धूलिकणांचा असतो. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे लक्ष्यही धूलिकणांभोवतीच बांधलेले आहे. ही मला उणीव वाटते, कारण त्यात ओझोन नजरेआड राहतो आणि शहरात सेंद्रिय संयुगांना हात न लावता केवळ नायट्रोजनची ऑक्साइडे घटवली, तर काही परिस्थितीत ओझोन वाढूही शकतो.

मानक पाळले गेले की नाही हे ठरवताना आणखी एक प्रश्न मला छळतो. वीज गेल्याने किंवा यंत्र बिघडल्याने ऐन दुपारच्या नोंदी गळाल्या, तर त्या दिवसाचा ओझोनचा कळसच हिशेबातून सुटतो, आणि रात्रीच्या कितीही तासांच्या बिनचूक नोंदी ती जागा भरू शकत नाहीत.