मार लागला की नाही, ते मार खाणाऱ्याने सांगायचं

शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर सटकून आम्ही तिघे सिॲटलहून पूर्वेकडे निघालो, तेव्हा डिकीत तंबू, ज्वारीच्या पिठाची पिशवी, बिडाचा तवा आणि आजीचं एक जुनं सुती लुगडं होतं. स्नोक्वाल्मीची खिंड ओलांडली की पाऊस आणि दाट झाडी मागे राहते आणि कोरडा, उघडा, भणाण वाऱ्याचा मुलूख लागतो. नाणेघाटाकडचा पट्टा सोडून आळेफाट्याच्या पुढे गेल्यासारखं. मी मूळची जुन्नरची, त्यामुळे जगात कुठेही गेले तरी उपमा त्याच तालुक्यातून येतात.

चाललो होतो राजा निवडायला. थट्टा नाही. इथे 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' नावाची एक संस्था आहे, सगळे तिला एससीए म्हणतात. १९६६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला एका घराच्या मागच्या अंगणात काही विद्यार्थी आणि त्यांचे मित्र मध्ययुगीन कपडे घालून जमले, ढाल-तलवार खेळले, शेवटी गाणी म्हणत रस्त्यावरून मिरवणूक काढली. पुढच्या खेपेला सार्वजनिक बाग हवी होती, अर्जावर संस्थेचं नाव लिहायला लागणार, म्हणून नाव ठेवलं गेलं. आज या मंडळींची जगभर वीस 'राज्यं' आहेत. आमचं वॉशिंग्टन आणि शेजारचं ओरेगन ज्या राज्यात येतं त्याचं नाव 'अन टिर'. पहिला मेळावा झाला १ मे रोजी, आणि त्यांचं वर्ष अजूनही त्याच दिवशी बदलतं. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त! आम्ही गेलो ते २०२५ चा मे, म्हणजे त्यांचं साठावं वर्ष नुकतंच लागलं होतं. आपलं शके १९४७. तिसरी कालगणना ऐकून नवऱ्याने हात जोडले.

बोलावलं होतं माझ्या टीममधल्या एकीने. ऑफिसात ती अबोल, टेस्टिंग करणारी बाई. इथे तिला वेगळं नाव, वेगळा पोशाख आणि तंबूबाहेर स्वतःचं निशाण. जाण्याआधी तिने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, सगळ्यांनी जुन्या काळातले वाटतील असे कपडे घालायचे. नसतील तर उसने मिळतात, नवख्यांसाठी पेटीच ठेवलेली असते. दोन, काळ १६०० च्या आधीचा.

आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव खूश. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शिवजयंतीला शिवलेला मावळ्याचा पोशाख घरात होताच. मी म्हटलं, महाराज शिवनेरीवर जन्मले १६३० साली. तो गप्प झाला, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे आपण तीस वर्षं लेट?" तसं तिथे कोणी पंचनामा करत नाही, पण नियम एकदा कळला की तो पाळण्यातच गंमत असते. मग मी चांदबीबी व्हायचं ठरवलं. अहमदनगरच्या तटावर मुघलांशी लढली ती १५९५-९६ मध्ये, काळात चपखल बसते. तर मैत्रीण म्हणाली, खऱ्या व्यक्तीचं सोंग चालत नाही. त्या काळात असू शकेल असं कोणीतरी साधं माणूस व्हायचं. राजेपण, सरदारकी वगैरे इथे मिळवायची असते, घरून आणायची नसते.

हे ऐकून मला आमच्या शाळेतल्या वेशभूषा स्पर्धा आठवल्या. एका वर्गात सात शिवाजी महाराज, चार जिजाऊ, दोन झाशीच्या राण्या. भाकरी बांधून देणारी मावळ्याची बायको कोणीच झालं नाही, मीसुद्धा नाही.

शेवटी मदतीला आला एक रशियन. अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला, पावसाळा त्याने तिथेच काढला. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला होता, आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला होता. त्या पावसाळ्यातल्या जुन्नरच्या बाजारातली एक बाई, असं मी माझं ठरवून टाकलं. लुगडं त्यासाठी.

दाराशी पैसे भरायच्या आणि सह्या करायच्या टेबलाला म्हणतात 'ट्रोल', पुलाखाली बसून वाट अडवणाऱ्या गोष्टीतल्या राक्षसावरून. सह्या पुष्कळ. काही झालं तर आमची जबाबदारी नाही, याची अमेरिकेत मध्ययुगातही सुटका नाही. सामान उतरवून गाडी लांब नेऊन लावायची, बर्फाच्या पेटीवर कापड टाकायचं, मोबाइल बटव्यात ठेवायचा. मग हळूहळू डोळ्यांना फक्त पांढरे तंबू, निशाणं आणि धूर दिसायला लागतो. रात्री चुलीभोवती कोणी वीणेसारखं काहीतरी छेडत होतं. आम्ही तिघे दोन ब्लँकेटांत कुडकुडत होतो. मे महिना म्हणून जाड रजया घरी ठेवायची अक्कल नवऱ्याची, आणि हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शनिवारी सकाळी लढती. वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये, राज्याचा पुढचा राजा या मैदानात ठरतो. जिंकणारा आणि ज्या व्यक्तीच्या मानासाठी तो लढतो ती व्यक्ती असे दोघं युवराज-युवराज्ञी होतात, मेमध्ये जिंकले तर जुलैत राज्याभिषेक, सहाएक महिने राज्य. स्त्रियाही लढतात. आधी सगळे योद्धे जोडीने राजा-राणीसमोर येतात, भालदार-चोपदारासारखा एकजण खणखणीत आवाजात नावं पुकारतो. चिलखतं बघून मी हरखले, मग जवळून बघितली. एकाच्या रेशमी अंगरख्याखालून निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा तुकडा डोकावत होता. कापून, वाकवून छातीला बांधलेला. शिरस्त्राणं मात्र खरीखुरी जाड पोलादाची.

तलवारी वेताच्या. शाळेत मास्तरांच्या हातात असायचा तोच वेत, फक्त सव्वा इंच जाड आणि वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. वेत का, तर तो फुटला तर त्याचे झाडूसारखे तंतू सुटतात, लाकडासारखी टोकदार ढलपी उडत नाही. पण वार खोटे नाहीत. पोलादावर वेत बसला की आवाज पोटात जाणवतो. गुडघ्याखाली मारायचं नाही. हाताला वार बसला तर तो हात गेला, पाठीमागे धरायचा. मांडीला बसला तर पाय गेला, गुडघ्यावर बसून लढायचं. डोक्याला किंवा धडाला नीट बसला तर मेलात.

आणि नीट बसला की नाही, हे कोण ठरवतं? मी पंच शोधत होते. हातात काठ्या घेऊन मैदानात फिरणारी माणसं होती, पण ती सुरक्षिततेसाठी, कोणी धडपडलं की "होल्ड!" ओरडून लढत थांबवायला. वार मोजणारं कोणी नाही. ज्याला लागला तो सांगतो. आपण साखळीचं चिलखत आणि नाकपट्टीचं शिरस्त्राण घातलं आहे असं मनात धरायचं, तेवढं असूनही या वाराने आपण मेलो असतो का, ते स्वतःला विचारायचं, आणि असतो तर "गुड" म्हणून आडवं व्हायचं.

मला पटेना. मी वाड्याच्या बोळात क्रिकेट खेळत वाढले. आमच्याकडे बॅटला कट लागलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात असला तरी फलंदाज जाग्यावरून हलत नसे, आणि बॅट ज्याची तो तर कधी आऊटच झाला नाही. इथे राजगादी पणाला लागलेली आणि निकाल मार खाणाऱ्याच्या हातात! खोटं बोलणारे नसतीलच कशावरून? मैत्रीण म्हणाली, असतात. त्यांना आम्ही 'गेंडा' म्हणतो. मी खो-खो हसत सुटले. गेंड्याच्या कातडीचा हा शब्द आपल्याकडे राजकारण्यांसाठी राखून ठेवलेला, तो इथे सहज भेटला. शिक्षा काय, तर काही नाही. लोकांना कळतं, एवढंच.

दुपारी एक लढत झाली ती मी विसरणार नाही. दोघंही थोराड. एकाने दुसऱ्याच्या मांडीवर वार काढला, दुसरा गुडघ्यांवर बसला. आता उभ्याने खाली बसलेल्याभोवती फिरून त्याला दमवायचं, एवढंच बाकी. पण उभा असलेला पुढे येऊन त्याच्या टप्प्यात थांबला, त्यालाही लढता येईल अशा अंतरावर. मग एकदम तीन-चार वार, धूळ, आणि बसलेल्याची तलवार वरच्याच्या शिरस्त्राणाला घासून गेली. मला तर ती ढालीवर लागल्यासारखी वाटली. बघणाऱ्यांतही कुजबुज झाली. खालच्याने वर बघून विचारलं, "हलका होता ना?" वरचा थांबला. पाच सेकंद असतील, फार लांब वाटली. मग म्हणाला, "नाही, चांगला होता," आणि त्या अवाढव्य धुडाने स्वतःला गवतात झोकून दिलं. त्याची दुसरी हार होती, म्हणजे तो स्पर्धेतून बाद. नवरा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मी नसतो म्हणालो." मी काही बोलले नाही, कारण मीही नसते म्हणाले.

संध्याकाळच्या जेवणाला प्रत्येकाने काही ना काही करायचं होतं. माझ्या १४६९ च्या जुन्नरचं करायचं म्हणजे मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही. सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीज वगैरे मंडळींच्या जहाजांतून आलेले. घरी यादी करताना माझा चेहराच उतरला. साबुदाणासुद्धा तिकडच्याच कंदाचा. म्हणजे आपली उपासाची खिचडी बघा: साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट, हिरवी मिरची, सगळं समुद्रापलीकडचं. जिरं आणि तूप तेवढं आपलं. एवढ्या सोवळ्यात खातो आपण ती! मग मुगाची खिचडी केली, मिरी, आलं, हिंग आणि वरून तूप. निकितिनने लिहिलंय की इकडे घोड्यांनाही खिचडी घालतात, ते मी जेवणाऱ्यांना जेवण झाल्यावर सांगितलं. भाकरी मात्र चुलीवर तिथेच थापल्या. हाताने पीठ गोल फिरत मोठं होतं हे बघायला कोंडाळं जमलं, त्यात डोक्यावर मुकुट असलेली एक बाईही होती. ती राणी आहे हे मला तिसरी भाकरी दिल्यावर कळलं.

रात्री मशालींच्या उजेडात दरबार भरला. एका वयस्कर बाईला पुढे बोलावलं. ती कधी लढली नव्हती. वर्षानुवर्षं ती ट्रोलवर बसत आली, मुदपाकखान्यात भांडी घासत आली. तिला 'पेलिकन'चा मान दिला, जो सरदारकीच्या बरोबरीचा धरतात. पिल्लांना स्वतःचं रक्त पाजणारा पक्षी, अशी त्याची युरोपातली जुनी कल्पना. ती बाई खाली मान घालून रडत होती. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची पातेली घासणाऱ्या आमच्या एक काकू मला आठवल्या. त्यांना आपण दरवर्षी फक्त "काकू, चमचे कुठे आहेत?" एवढंच विचारतो.

रविवारी सकाळी मुलांचं रिंगण. मुलांच्या तलवारी फोम गुंडाळलेल्या, शिरस्त्राण उसनं, आई-बापाने सही करून तिथेच उभं राहायचं. आमच्या पोरासमोर आली त्याच्या वयाची पण त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी मुलगी. पहिल्या दोन वेळा याने ओरडत ओरडत तिला गाठलं, तिने दोन्ही वेळा लगेच "गुड" म्हटलं. तिसऱ्या वेळी ती ढालीखालून शिरली आणि याच्या बरगडीला टप्पकन आवाज झाला. हा तसाच उभा. ती तलवार खाली करून थांबली, काही बोलली नाही. कडेचा काठीवालाही काही बोलला नाही. जाळीच्या आडून याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मुद्दाम लुगड्याचा कासोटा नीट करायला खाली वाकले.

"गुड," असा आवाज आला, जरा चिडका. मग गवतात काहीतरी पडल्याचा. मान वर केली तर आमचे चिरंजीव हातपाय पसरून उताणे, आणि शिरस्त्राणातून मराठीत विचारत होते, "आई, आता किती वेळ मेलेलं राहायचं?"