हाताची नस जुळते, मग पाठीची का नाही?

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की ओट्यावर टेकायच्या आत हा प्रश्न येतो. "भाऊ, हातनी नस जुडस, मंग पाठनी काबर जुडत नही?" मज्जातंतू कसे वाढतात यावर मी २८ वर्षं काम केलंय, म्हणजे उत्तर माझ्या खिशातच असणार असं लोक धरून चालतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

आधी हाताचं. नवरात्रात माझ्या चुलतभावाचं मनगट कडबाकुट्टीत सापडलं. सर्जनने तुटलेली नस टाक्यांनी जोडली, पण बोटं बधिर ती बधिरच. टाक्यांनी जुळतं ते नुसतं आवरण. आतला तंतू तुटल्या जागेच्या पुढे मरून जातो आणि कण्याजवळ बसलेल्या पेशीला तो तिथून नव्याने वाढवावा लागतो. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वीतभर अंतर, म्हणजे सहा महिने आले.

दिवाळीत मी त्याच्या मनगटावरून तळहाताकडे बोटाने टकटक करत गेलो. तंतूचं वाढतं टोक जिथे पोचलेलं असतं, तिथे ठोकलं की मुंग्या येतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हे एका फ्रेंच आणि एका जर्मन डॉक्टरने वेगवेगळं नोंदवलं. टिनेल आणि हॉफमन, देश एकमेकांशी लढत असताना. दिवाळीत मुंग्या टाक्यापाशीच होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचा गरम मांडा बोटांना लागला आणि तो ओरडला, "हात भाजना!" वहिनी रडायलाच लागल्या, आनंदाने.

हे वाढतं टोक १८९० मध्ये स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गर्भात पाहिलं, पण रंगवलेल्या, मेलेल्या कापात. तंतू जिवंतपणी वाढताना दाखवला तो अमेरिकेच्या हॅरिसनने, १९०७ मध्ये, बेडकाच्या गर्भाचा तुकडा लसिकेच्या, म्हणजे अंगातल्या पातळ द्रवाच्या, थेंबात ठेवून. माझंही सगळं आयुष्य अंड्यांवरच गेलं. आई विचारायची, एवढं शिकून अंडीच उबवतोस का? खुडूक कोंबडीचं काम आमच्याकडे इन्क्युबेटर करतो. आठव्या दिवशी गर्भाच्या कण्याशेजारची मज्जापेशींची गाठ काढायची, खसखशीहून बारीक. तिला डिशमध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनींनी शोधलेलं वाढीचं प्रथिन दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोंड फुटल्यासारखी चहूबाजूंनी तंतूंनी फुललेली असते. प्रत्येक तंतूच्या टोकाला चपटा पंजा, त्याला बारीक बोटं. लाइट गेल्यावर देवळीतली काडेपेटी शोधणारा हात आठवा. हात पुढे जातो, कशाला तरी लागतो, आखडतो, बाजूला वळतो. पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी मेसचं जेवण चुकवलं.

आता पाठीचं. कण्यातल्या तंतूंत वाढायची धमकच नसते, असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या डेव्हिड आणि आग्वायो या संशोधकांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा घेऊन मेंदूचा देठ आणि कणा यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. त्यात मेंदू-कण्यातले तंतू शिरले आणि सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढले. पुलाच्या पलीकडे पुन्हा कण्यात शिरायची वेळ आली आणि तिथेच अडले. म्हणजे बी तेच, रान वेगळं. हातातल्या पेशी मोडतोड उचलून वाट करून देतात. कण्यातल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या चरबीच्या वेष्टणातच वाढ रोखणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नावच 'नोगो', म्हणजे 'पुढे जाऊ नको'. वर जखमेचा व्रण. शिवाय वय झालेल्या पेशीची स्वतःची उमेदही कमी झालेली असते, त्यामुळे नुसता अडथळा काढूनही भागत नाही. उंदरांत थोडंफार साधलंय. तुटलेले तंतू पुन्हा वाढवून माणसाला चालतं करील असा उपाय आज नाही. हे वाक्य मी गुळमुळीत करून सांगत नाही, कारण नाना.

नाना आमचे शेजारी. शेळ्यांसाठी पाला काढताना निंबावरून पडले, कमरेखाली काही उरलं नाही. कुणीतरी एका मोठ्या शहरात स्टेम सेलची इंजेक्शनं सांगितली. अशा इलाजाला आपल्याकडे चाचणीबाहेर मान्यताच नाही, पण पैसे घेणाऱ्याने ते सांगितलं नाही. नानांनी कांदेबागेचं एकरभर रान विकलं. जायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता. मी परिषदेत होतो, नंतर करतो म्हटलं आणि राहून गेलं.

गेल्या आखाजीला त्यांना मोबाइलवर माझा एक व्हिडिओ दाखवला. तंतूचा पंजा चाचपत पुढे येतो, मायलिनच्या कडेला लागतो आणि मिटतो. नानांनी दोनदा पाहिला, मग काचेवर बोट ठेवलं. "हाई आठे काबर थांबनं?"

मी खाट त्यांच्या चाकाच्या खुर्चीजवळ ओढली आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.