‘दंड भरून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांचं आम्ही ऐकलं नाही

कोर्टाच्या आवारात फुकटचा सल्ला द्यायला माणूस कमी पडत नाही. भाच्याची केस बोर्डावर आली तेव्हा टायपिंगवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं: पहिलाच गुन्हा आहे, कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. आमचे पहिले वकीलही तेच म्हणत होते. हजार-दोन हजारांत मिटतंय म्हटल्यावर दाजी खिशात हात घालूनच उभे होते.

प्रकरण टेनिस बॉलच्या स्पर्धेतलं. रनआउटवरून जुंपली, भाच्याने स्टंप उपटला आणि समोरच्या पोराच्या कपाळावर हाणला. टाके पडले. नुसत्या हाताने मारामारी झाली असती तर साध्या दुखापतीचं कलम ३२३ लागलं असतं आणि दोन्ही घरांनी बसून ते कोर्टात मिटवलंही असतं. पण स्टंप हत्यारात धरला गेला, ३२४ लागलं, आणि त्यात फिर्यादीशी तडजोड करून खालच्या कोर्टात केस मिटत नाही. नवी न्याय संहिता यायच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे सगळं जुन्या भारतीय दंड विधानाप्रमाणेच चाललं.

दाजींचा हात खिशातून बाहेर काढला तो नानांनी. नाना ताईच्या सासरकडचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, “दंड ही शिक्षाच असते. पाचशेचा असला तरी. उद्या पोरगं नोकरीला गेलं की शिक्षा झालेला माणूस म्हणून जाईल. प्रोबेशन मागा.”

प्रोबेशनचा कायदा, म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ सालचा आहे, आणि आम्ही कोणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे, शिवाय साधी चोरी, फसवणूक असे काही ठरावीक गुन्हे असतील आणि आधी शिक्षा झालेली नसेल, तर कलम ३ खाली कोर्ट नुसती ताकीद देऊन सोडू शकतं. ३२४ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून ते दार आम्हाला बंद. उरलं कलम ४: फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरवायचं, पण शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचं. बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा.

इथे एक गोष्ट मला अजूनही खटकते. एकवीसच्या आतल्या पोराला कलम ६ चं मोठं संरक्षण आहे. त्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल मागवावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात. घटना घडली तेव्हा भाचा एकोणीसचा. पण वय गुन्ह्याच्या दिवसाचं धरत नाहीत. खालचं कोर्ट शिक्षेचा निर्णय करतं त्या दिवसाचं धरतात, असं सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच ठरवून दिलंय. तारखांवर तारखा पडल्या, मधे मॅजिस्ट्रेटसाहेबांची बदली झाली, आणि भाचा बाविशीत गेला. उशीर कोर्टाचा, हक्क गेला पोराचा. आता सगळं साहेबांच्या मर्जीवर.

वकील बदलले. नव्या वकीलबाईंनी शिक्षेच्या मुद्द्यावर लेखी अर्ज दिला: पहिला गुन्हा, वय, डिप्लोमा पूर्ण, जखमी मुलाला भरपाई द्यायची तयारी. कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. हे अधिकारी पोलीस खात्याचे नसतात. आपल्याकडे ते महिला व बाल विकास विभागाचे. आमच्याकडे मॅडम आल्या त्या एसटीने. ताईने चहा टाकला तर म्हणाल्या, “आधी लिहून घेते.” मग वही उघडून घरात कमावते किती, पोरगा रात्री किती वाजता येतो, मित्र कोण, पहिल्या पगाराचं काय केलं, सगळं विचारलं. घरात कुणाला व्यसन आहे का, या प्रश्नाला दाजी खिडकीबाहेर बघायला लागले आणि ताईने सरळ “आहे” म्हणून सांगितलं. मॅडमनी तेही लिहिलं. शेजारी विचारपूस केली, जखमी मुलाच्या घरीही जाऊन आल्या. अहवाल गोपनीय असतो, पण मजकूर आरोपीला कळवायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. आमच्या वकीलबाईंना तो वाचायला मिळाला. दाजींचा मुद्दा विरुद्ध गेला नव्हता. घर सांभाळायला पोरगाच लागतो, असा त्याचा अर्थ लावला होता.

निकालाच्या दिवशी साहेबांनी आधी “दोषी” हा शब्द उच्चारला आणि ताई मटकन बाकावर बसली. पुढचं तिने ऐकलंच नाही. पंधरा हजारांचा बाँड, एक जामीनदार, मुदत एक वर्ष, या काळात मॅडमची देखरेख, आणि कलम ५ प्रमाणे जखमी मुलाला दहा हजार भरपाई. दंड नाही, कैद नाही. जामीनदार मी. सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, फोटो, सगळं घेऊन गेलो होतो. आरोपीचा किंवा जामीनदाराचा कोर्टाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित कामधंदा लागतो. भाचा तेव्हा रांजणगावला खोली करून राहत होता, म्हणून माझी शेती कामाला आली.

घरी पेढे वाटले गेले. “निर्दोष सुटला” अशी बातमी गावभर झाली, ती मात्र चूक होती. ऑकलंडच्या माझ्या चुलतभावाने सांगितलं की न्यूझीलंडमध्ये २००२ च्या कायद्याने कोर्ट दोषसिद्धी न नोंदवताच सोडू शकतं आणि ते निर्दोष सुटल्यासारखंच धरतात. आपल्याकडे तसं नाही. दोष कायम राहतो. कलम १२ एवढंच करतं की त्या दोषामुळे कुठल्या कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. सरकारी नोकरीत असणाऱ्यावर खातं त्याच वागणुकीसाठी वेगळी कारवाई करू शकतं. शंकर दास नावाच्या दिल्लीच्या कॅश क्लार्कला प्रोबेशन मिळूनही नोकरीवरून काढलं होतं. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला परत घ्यायला लावलं, पण तोवर वीस वर्षं गेली होती. तो निकाल आपल्या पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांचा. खासगी कंपनी तर कलम १२ ला बांधील नसतेच.

म्हणून भाच्याने दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरताना “कधी दोषी ठरवले आहे का” समोर “होय” लिहिलं आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडली. मित्र म्हणत होते, लपव, कुणाला कळतंय. पण पोलीस पडताळणीत केस निघतेच, आणि निघाल्यावर दोषापेक्षा लपवल्याचं जास्त महागात पडतं. एचआरवाल्यांनी बोलावून पाऊण तास झाडाझडती घेतली, स्टंपचा किस्सा दोनदा सांगायला लावला, आणि बाँडची मुदत संपेपर्यंत ट्रेनी म्हणून ठेवू म्हणाले. पगार थोडा कमी आहे. नक्कल त्यांनी ठेवून घेतली, त्यामुळे दुसऱ्या नकलेसाठी कोर्टात परत अर्ज करावा लागला. पहिल्यांदाच दोन-तीन काढून ठेवा.